भुताशी भांडणारे भालेराव

भूत बघायला भालेराव भाऊ रीतसर तिकीट काढून जायचे आणि सिनेमाभर त्या भुताला फैलावर घ्यायचे. देहूरोडला आमच्या कॉलनीजवळ तेव्हा एक टॉकीज होतं, पत्र्याच्या छपराचं. पडद्यावर पांढऱ्या साडीतली बाई मेणबत्ती घेऊन जिना उतरायला लागली, खिडक्या आपटायला लागल्या, पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडावर घेतला, की मधूनच भाऊंचा खणखणीत आवाज यायचा, "अहो बाई, एवढा मोठा बंगला, लाइटबिल भरलं नाही का? बटण दाबा की!" अख्खं टॉकीज हसायचं. मॅनेजरने एकदा त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. पुढच्या आठवड्यात लोक तिकीटखिडकीवरच विचारायला लागले, "भालेराव आलेत का?" मग मॅनेजरनेही नाद सोडला.

यशवंत भालेराव लष्कराच्या डेपोत माझ्या शेजारच्या टेबलावर होते आणि राहायला आमच्या वरच्या मजल्यावर. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. मी त्यांच्याबद्दल गोड लिहावं अशी शोभावहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, अपेक्षा आहे. पण भाऊंनी स्वतः उभ्या आयुष्यात कशाबद्दल गोड बोललेलं मी ऐकलेलं नाही, तेव्हा त्यांचा अपमान मी कशाला करू?

भुतांवरचा त्यांचा राग साधा नव्हता. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्या वडिलांनी घरातले नवस, उतारे, अंगात येणं, सगळं एका दिवसात बाहेर काढलं होतं. "आमच्या बापाने भूत घराबाहेर घातलं," भाऊ म्हणायचे, "आणि हे दीडशहाणे त्याला पोस्टरावर बसवून परत आणतायत." मग बघायला जाता कशाला, असं विचारलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "न बघता नावं ठेवायला मी काय तुमचा साहेब आहे?"

त्यांची मतं ऐकायला मजा यायची, पण ती मजेची नव्हती. एकदा डबा खाताना ते मला म्हणाले, "ताई, एक गोष्ट बघितलीत का? भूत कायम मोलकरणीचं असतं. नाहीतर माळ्याच्या बायकोचं, नाहीतर गावातल्या एखाद्या गरीब पोरीचं. मालक तिला मारतो, आडात टाकतो, आणि शेवटी मंत्र म्हणून जाळतात कुणाला? तिलाच. मालक मेल्यावर त्याचं भूत झालेलं बघितलंत कधी? मालक मेला की त्याचा ट्रस्ट होतो." आणि शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला. त्यानंतर मला एकही भुताचा सिनेमा धड घाबरून बघता आलेला नाही.

विनोदी सिनेमांचा तर त्यांना त्याहून तिटकारा. त्यात ते बोलायचेसुद्धा नाहीत. हाताची घडी घालून, ताठ, शोकसभेला आल्यासारखे बसायचे. तोतरा माणूस आला की लोक हसले, जाड बाई जिन्यावरून घसरली की लोक हसले, नोकराच्या तोंडावर केक बसला की लोक खुर्च्यांवरून खाली यायला लागले. भाऊ फक्त मान फिरवून हसणाऱ्यांकडे बघत राहायचे. "पडलेला माणूस आपल्या घरचा नसला की फार हसू येतं," हे त्यांचं त्या सगळ्या सिनेमांवरचं परीक्षण. शोभावहिनींना मात्र असले सिनेमे जीव की प्राण. त्या माझ्या पलीकडे बसून पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायच्या. "आमच्याकडे हसू आलं तर आधी अर्ज करावा लागतो," असं त्या मला कानात सांगायच्या.

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक दाराकडे पळाले तरी भाऊ उठायचे नाहीत. सगळी नावं वाचायचे. लेखक, कॅमेरावाला, कपडेवाला, अगदी जेवण पुरवणाऱ्यापर्यंत. "गुन्ह्यात कोण कोण सामील होतं ते कळायला नको?" शेंगदाण्याची टरफलं खिशात घालून ते सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडायचे. टरफल कधी खाली टाकलं नाही. ते टाकणाऱ्यांबद्दल त्यांचं काय मत होतं ते मी इथे लिहू शकत नाही.

आता त्यांचा दोष सांगते. भाऊंना वाटायचं, आपण विचार मांडतोय. लोकांना वाटायचं, भालेराव करमणूक करतोय. ट्रस्टचं वाक्य डेपोभर फिरलं, लोकांनी टाळ्या दिल्या, पण त्यावर थांबून कुणी "खरंच की" म्हटलं नाही. हे भाऊंना आत कुठेतरी कायम टोचायचं. कुणीतरी समोर बसावं, वही काढावी, मान डोलवावी, एवढीच त्यांची भूक होती. आणि भुकेला माणूस समोर आलेलं ताट कुणी वाढलंय ते बघत नाही.

ताट वाढलं ऋत्विकने. हा मुलगा लोणावळ्यात एका बंगल्यात राहायचा. बंगला वडिलांचा, वडील मुंबईत, आणि हा तिथे मित्र जमवून 'कल्ट' सिनेमे दाखवायचा. कल्ट म्हणजे काय ते मला त्यानेच समजावलं. सिनेमा इतका टुकार असतो की लोक तो पुन्हा पुन्हा बघतात. एकत्र जमतात, संवाद पाठ म्हणतात, भूत आलं की टाळ्या वाजवतात. आमच्या वेळी टुकार सिनेमाला टुकार म्हणत आणि घरी जात. ह्यांनी त्याची आरती सुरू केली. माझं माहेर लोणावळ्याचं, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसांचे बरेच खुळचट प्रकार मी पाहिलेत. भुशी धरणाच्या पाण्यात बसून पॅकेटमधले वेफर्स खाणारे पाहिलेत. पण वाईट वस्तू वाईट आहे म्हणून डोक्यावर घेणारे हे पहिलेच.

भाऊ तेव्हा निवृत्त झाले होते. एका मॉलच्या थिएटरात ते भुतावर ओरडत असताना कुणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत ऋत्विककडे गेला. तो पत्ता शोधत आला, गुडघ्यावर फाटलेली पँट घालून, आणि दारातच भाऊंच्या पाया पडला. "सर, तुमच्यासारखं सिनेमाचं वाचन कुणाचंच नाही. मला शिकायचंय." आणि खरोखर वही काढली.

भाऊ हरभऱ्याच्या झाडावर असे सरसर चढले की वहिनींनाही थांबवता आलं नाही. ऋत्विक दर रविवारी यायचा. भाऊ त्याला सांगायचे की भुताच्या सिनेमात या वेळी मालकाचं भूत कर, मोलकरणीला जिवंत ठेव, तिला त्या वाड्याची मालकीण कर. तो लिहून घ्यायचा. मी एकदा चहा द्यायला वर गेले तर तो म्हणत होता, "सर, हे फार खोल आहे." भाऊंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे तेज होतं ते त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही नव्हतं. त्या पोराला सिनेमा काढायचा होता आणि जुनं घर हवं होतं. भाऊंनी त्याला आपल्या थोरल्या बहिणीचं घर दिलं.

ठकूआक्का इंदुरीच्या पुढे नदीकाठच्या वस्तीत एकट्या राहायच्या. कौलारू घर, मागे ओटा, थोडं भाताचं शेत. वस्तीत बारसं असलं की पाळणा म्हणायला आक्का, आणि बाळाला पहिल्यांदा पाळण्यात ठेवायलाही आक्काच. त्यांच्या हातातून पाळण्यात गेलेली कितीतरी माणसं आता स्वतः मुलाबाळांची झाली होती. सिनेमावाले येणार म्हटल्यावर त्यांनी एकच अट घातली, "चुलीपाशी चपला घालून यायचं न्हाई." बाकी त्यांनी सगळ्यांना पिठलं-भाकरी करून घातली.

त्यातल्या एका सकाळी आक्का न्हाऊन मागच्या ओट्यावर केस वाळवत बसल्या होत्या. कवळी आत वाटीत. कॅमेरा घेतलेली एक मुलगी आली आणि लाडाने म्हणाली, "आजी, केस असेच राहू द्या ना. आता हसा." आक्का हसल्या. म्हाताऱ्या माणसाला कुणी हस म्हटलं तर ते हसतं, त्यात काय एवढं?

सिनेमा मोबाइलवर आला त्या दिवशी भाऊ धावतच आमच्याकडे आले. "ताई, नाव आलंय!" त्यांनी माझ्यासमोर बोटाने सिनेमा सर्रकन शेवटाला नेला. पाटी आली, 'विशेष आभार – श्री. यशवंत भालेराव'. मी विचारलं, "भाऊ, सिनेमा कसाय?"

"बघू सावकाश. आधी नाव बघा."

ज्या माणसाने जन्मभर प्रत्येक सिनेमा शेवटपर्यंत बसून बघितला, मग शिव्या दिल्या, त्याने हा एकच सिनेमा न बघता पुढे पाठवला. डेपोच्या निवृत्तांच्या ग्रुपवर, नातेवाइकांना, वस्तीतल्या पोरांना, सगळ्यांना. खाली लिहिलं, 'शेवटी माझं नाव पाहावे.' अशी चूक भाऊच करू शकत होते. ज्यांची मतं कमी असतात ते निदान आधी बघून घेतात.

सिनेमा कुणाला घाबरवू शकला नाही. इतका गचाळ होता की लोक हसून हसून लोळले आणि हां हां म्हणता तो ऋत्विकच्या भाषेत कल्ट झाला. एका सकाळी डेपोच्या ग्रुपवर एका जुन्या सहकाऱ्याने गंमत म्हणून एक चित्र टाकलं. मोकळे पांढरे केस, बोळकं तोंड, सगळं निळं केलेलं, आणि खाली लिहिलेलं, 'सोमवारी सकाळी आपली सौ.' त्याखाली हसणारी पिवळी तोंडं ओळीने. त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं ती कोण आहे.

भाऊ खाली आले, आमच्या स्वयंपाकघरात बसले आणि सिनेमा पहिल्यापासून लावला. मी पोळ्या करत होते. सिनेमातला मालक मोलकरणीला मारतो. तिचं भूत होतं. ते भूत घरोघरी जाऊन पाळण्यातली बाळं उचलतं. भूत म्हणून आक्का होत्या. त्यांचं ओट्यावरचं हसू सावकाश करून, मागे किंकाळी लावून, पुन्हा पुन्हा दाखवलं होतं. मालक शेवटी सुखरूप राहतो. माझी पोळी करपली ती मी तशीच बाजूला ठेवली.

त्यांनी ऋत्विकला फोन लावला. मी शेजारीच होते. पलीकडून तो हसऱ्या आवाजात म्हणाला, "सर, हे प्रेम आहे लोकांचं! आजी आयकॉन झाल्यात. आणि आता काढून टाकणं माझ्या हातात नाही ना." मी त्या मुलाचा जन्मभर तिरस्कार करणार आहे आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

आता प्रश्न एकच होता. आक्कांना सांगायचं कुणी? त्यांच्याकडे साधा बटणाचा फोन. त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. भाऊ दर आठवड्याला जायचे, सांगायचं ठरवून जायचे आणि न सांगता परत यायचे. कारण सांगायचं तर त्या लोकांना घरात कुणी आणलं तेही सांगावं लागणार होतं. त्यात रविवारी भुशीहून परतणारी पोरं गाड्या वळवून आक्कांच्या दारात यायला लागली होती. आक्का खूश होत्या. "लय ग्वाड पोरं रं," त्यांनी भाऊंना सांगितलं, "माज्या शेजारी बसून फोटू काढत्यात. केस सोड म्हनत्यात. म्या बी सोडते." हे भाऊंनी मला जिन्यात उभं राहून सांगितलं, आणि सांगताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

मग वस्तीत एक बारसं झालं. अगदी शेजारच्या घरात. आक्कांना बोलावणं आलं नाही. त्या बाळंतिणीच्या सासूने सिनेमा बघितला होता आणि सुनेला सांगितलं होतं की सिनेमा खोटा असला तरी लोक काय म्हणतील. आक्का भाऊंना फोनवर म्हणाल्या, "औंदा मला बोलवायचं इसरली जनू. गडबडीत ऱ्हायलं आसंल." ज्या बापाने भूत घराबाहेर घातलं, त्याच्या लेकीला त्याच्या लेकाने भूत करून ठेवलं होतं. हे वाक्य माझं नाही, भाऊंचं आहे. ते त्यांनी ओरडून म्हटलं नाही, हळू म्हटलं, म्हणून मला जास्त लागलं.

त्याच सुमारास ऋत्विकचं आमंत्रण आलं. बंगल्यावर रविवारी दुपारी खास खेळ, आणि 'आमचे मार्गदर्शक' म्हणून भाऊंनी यावं. वहिनी म्हणाल्या, मी त्या घरात पाय ठेवणार नाही. मी रस्ता दाखवायला गेले. भाऊंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि लोकलमध्ये ते ओठांतल्या ओठांत भाषण म्हणून बघत होते. त्यांना वाटत होतं, त्या पोरांना एकदा तिचं नाव कळलं, ती कोण आहे ते कळलं, की ती गप्प होतील.

बाहेर लख्ख ऊन, आणि आत जाड पडदे ओढून रात्र केलेली. पुण्या-मुंबईची तरुण मंडळी गाद्यांवर लोळत होती. सिनेमा लागला आणि त्यांनी प्रत्येक संवाद पडद्याच्या आधी म्हणायला सुरुवात केली. आक्कांचा चेहरा आला तशी सगळी उठून उभी राहिली, मुलींनी केस पुढे सोडले, मुलांनी ओठ दातांवर ओढून बोळकी केली आणि एका सुरात किंकाळी मारली. माझ्या शेजारी भाऊ होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही.

खेळ संपल्यावर त्यांच्या हातात माइक दिला. भाऊ उभे राहिले. "ती माझी थोरली बहीण आहे," ते म्हणाले. "तिचं नाव ठकूबाई. तिने तुमच्यातल्या लोकांना भाकरी करून घातली—"

टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली.

"टाळ्या कसल्या वाजवता? अक्कल विकून आलात का? ती जिवंत आहे, भूत तुम्ही आहात! ऊन सोडून अंधारात बसलेली बिनकामाची भुतं!"

हास्याचा स्फोट झाला. "भाऊ, एक नंबर!" मागून कुणी ओरडलं. मोबाइल वर झाले. भाऊ जितके चिडले, तितकी ती मंडळी खूश झाली. एका मुलीने तर डोळे पुसले, हसून आलेलं पाणी. भाऊंनी माइककडे बघितलं, त्या सगळ्यांकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. मलाही कळलं. यांच्यापुढे काही खरं बोलताच येत नव्हतं. ते माइक गादीवर ठेवून बाहेर आले. ऋत्विक मागून धावत आला, "सर, काय एंट्री घेतलीत! हे आपण पुढच्या भागात वापरू." भाऊंनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

देहूरोडचं तिकीट असूनही ते तळेगावला उतरले. मीही उतरले. रिक्षाने आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. आक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या, केस मोकळे सोडून, कारण रविवार होता आणि पोरं यायची वेळ झाली होती.

भाऊ त्यांच्या पायाशी बसले आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. सिनेमा पहिल्यापासून लावला. आक्का डोळे बारीक करून बघत राहिल्या. स्वतःचं घर दिसलं तेव्हा त्या सुखावल्या. "कौलं बरी दिसत्यात." मग किंकाळी आली, निळा चेहरा आला, पाळणा आला. पाळण्यातलं बाळ उचललं गेलं. आक्कांचा तांदळातला हात थांबला.

"ही मी?"

"व्हय."

"आन बाळ कोन उचलतंय? मीच?"

"व्हय, आक्का."

त्यांनी मोबाइल ओट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजी ती मला बोलवायची इसरली न्हवती."

भाऊंनी मान खाली घातली. "त्या लोकांना मी आनलं, आक्का. त्यांनी मला सर म्हटलं. मी शाना समजलो मला. सगळ्यांना मीच धाडला हा पिच्चर, न बघता." आणि त्या माणसाने, ज्याने कुणाची कधी माफी मागितलेली मी पाहिली नव्हती, बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं.

आक्कांनी त्यांना उठवलं नाही, थोपटलंही नाही. सूप बाजूला ठेवलं, दोन्ही हात मागे नेले आणि केसांचा घट्ट अंबाडा घातला. आत जाऊन कवळी लावून आल्या. तेवढ्यात फाटकाशी गाड्या थांबल्या. पाचसहा पोरं, भुशीच्या पाण्याने अजून ओली, मोबाइल हातात घेऊन हाका मारत होती, "भूत आजी! ओ भूत आजी!"

भाऊ ताडकन उठले. त्यांच्या तोंडाशी आलेलं मला दिसत होतं. आक्कांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि स्वतः फाटकापर्यंत गेल्या.

"म्या ठकूबाई," त्या म्हणाल्या. "फोटू न्हाई मिळायचा. तान लागली आसंल तर पानी पिऊन जावा."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अंबाडा घातलेली, दात लावलेली ही म्हातारी त्यांच्या ओळखीची नव्हती. एकाने मोबाइल खिशात टाकला.

"यशवंता," आक्का मागे न बघता म्हणाल्या, "त्या माटातलं पानी आन. तुज्या हातानं दे त्येंला. आन त्वांड उघडू नगंस."

भाऊंना मी शेवटचं नीट बघितलं ते तिथे. पुढे दवाखान्यात बघितलं, पण ते बघणं नव्हे. फाटकाशी उभे राहून ते त्या ओल्या पोरांना एकामागून एक तांब्या भरून देत होते. पाणी देताना त्यांच्या हातावरून ओघळत होतं, आणि जन्मभर कुणालाही न सोडणारं ते तोंड घट्ट मिटलेलं होतं. आक्का शेजारी उभ्या राहून प्रत्येकाला त्याचं नाव विचारत होत्या.